नऊ व्होल्टांची आगगाडी

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात विजेवर चालणारे एक जुने रेल्वे इंजिन उभे आहे. मधोमध चालकाची खोली, पुढेमागे लांबलचक नाक आणि वळणावर लवचीकपणे वळणारी अंगयष्टी, असे त्याचे रूप. १९२८ साली आलेल्या आणि कसारा व बोर घाटांत गाड्या ओढणाऱ्या या जातीच्या इंजिनांना रेल्वेतील माणसे ‘खेकडा’ म्हणत. त्याच्या स्वित्झर्लंडमधील भाऊबंदांना मात्र ‘मगर’ हे नाव मिळाले. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २०२० साली याच स्विस मगरीची १२७१ तुकड्यांची प्रतिकृती बाजारात आणली आणि खेळण्यातल्या ठोकळ्यांनी आगगाडी बांधणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींत आनंद पसरला. तिच्या आत मोटार आणि सेल बसवण्यासाठी जागा ठेवलेली होती, हे त्या आनंदाचे एक मोठे कारण होते.

ठोकळ्यांची आगगाडी म्हटले की लहान मुलांचा खेळ डोळ्यांपुढे येतो. परंतु या छंदात रमलेल्यांमध्ये मोठ्या माणसांची संख्या लक्षणीय आहे. अभियंते, शिक्षक, निवृत्त रेल्वे कर्मचारी असे अनेक जण तासन् तास डब्यांची रचना करतात, इंजिनाच्या चाकांचे गणित मांडतात आणि सर्वात अधिक वाद घालतात तो एकाच प्रश्नावर. गाडी बांधली खरी, पण ती चालवायला वीज कुठून द्यायची? हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी त्याच्या मुळाशी एक जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. आज घेतलेली गाडी वीस वर्षांनी चालेल का, हा तो मुद्दा होय.

सुताराच्या कारखान्यातून

लेगोची सुरुवात १९३२ साली डेन्मार्कमधील बिलुंड या गावी झाली. ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराने लाकडी खेळणी बनवायला प्रारंभ केला. ‘नीट खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून ‘लेगो’ हे नाव पडले. पुढे प्लास्टिकचे ठोकळे आले आणि १९५८ साली त्यांच्या सध्याच्या रचनेचे पेटंट घेण्यात आले. वरच्या बाजूला गुंड्या आणि आतल्या बाजूला पोकळ नळ्या अशी ती रचना. एकाच्या गुंड्या दुसऱ्याच्या पोटात घट्ट बसतात. ही मापे त्यानंतर बदललेली नाहीत. त्यामुळे १९५८ नंतरचा कोणताही ठोकळा आज कारखान्यातून निघालेल्या ठोकळ्यावर चपखल बसतो. आजोबांच्या डब्यातला ठोकळा नातवाच्या इंजिनात वापरता येतो, हे या खेळण्याचे मोठे सामर्थ्य होय.

१९६२ साली ठोकळ्यांना जोडता येणारी चाके आली आणि १९६६ साली रूळ. पहिल्या गाड्यांचे रूळ निळ्या रंगाचे आणि स्लीपर पांढरे होते. हाताने ढकलण्याच्या गाडीबरोबरच मोटारीची गाडीही तेव्हाच मिळू लागली. दीड व्होल्टचे तीन सेल मिळून साडेचार व्होल्ट, अशी तिची शक्ती होती. दोन वर्षांनी, १९६८ साली, शिट्टीच्या आवाजाला प्रतिसाद देऊन थांबणारी आणि निघणारी गाडीही कंपनीने काढली. त्या काळाचा विचार करता ही करामत थक्क करणारी होती.

साडेचारपासून नऊपर्यंत

सेल संपले की खेळ थांबतो आणि सेल महाग पडतात, ही तक्रार जुनीच आहे. त्यावर उपाय म्हणून १९६९ साली बारा व्होल्टची पद्धत आली. घरातल्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर बारा व्होल्टचा प्रवाह देई आणि दोन रुळांच्या मध्ये बसवलेल्या वाहक पट्ट्यांतून तो इंजिनाच्या पोटाखालील मोटारीपर्यंत जाई. १९८० साली या पद्धतीला नवे, करड्या रंगाचे रूप मिळाले. बसल्या जागेवरून सांधे बदलणे, सिग्नल लाल-हिरवा करणे, फाटक उघडणे, डबे सोडवणे अशा सोयी तिच्यात होत्या. जुन्या संग्राहकांना हा काळ आजही सुवर्णकाळ वाटतो.

१९९१ साली कंपनीने हे सारे बाजूला ठेवून नऊ व्होल्टची पद्धत आणली. मधल्या पट्ट्या गेल्या. रुळांवरच धातूचा पातळ थर आला. मोटारीला धातूची चाके मिळाली आणि एका रुळातून प्रवाह घेऊन दुसऱ्या रुळात सोडणारी सुटसुटीत यंत्रणा तयार झाली. हातातली कळ फिरवली की वेग कमीजास्त होई. कळ उलट दिशेला नेली की धन आणि ऋण बाजूंची अदलाबदल होऊन गाडी मागे जाई. इंजिनात सेल नसल्याने ते हवे तेवढे लहान बांधता येई आणि गाडी दिवसभर चालवली तरी थकत नसे.

रुळातून की पोटातून?

येथे खऱ्या रेल्वेचे उदाहरण उपयोगी पडते. विजेचे इंजिन आपली शक्ती बाहेरून, तारेतून घेते. डिझेल इंजिन इंधन स्वतःच्या पोटात वाहून नेते. नऊ व्होल्टची गाडी पहिल्या प्रकारची, तर सेलवरची दुसऱ्या प्रकारची. दोहोंचे गुणदोषही तसेच आहेत.

रुळातून वीज घेणाऱ्या गाडीला वजन आणि जागा यांची काळजी नसते. परंतु मार्ग लांबला की प्रत्येक सांध्यावर थोडा विरोध वाढतो आणि दूरच्या टोकाला गाडी मंदावते. त्यामुळे मोठ्या मांडणीत ठिकठिकाणी वीज जोडावी लागते. रुळांवर धूळ किंवा तेलकटपणा साचला की इंजिन अडखळते. एकाच फेऱ्यावर दोन गाड्या सोडल्या तर दोन्ही एकाच कळीने पळतात, त्यांना वेगवेगळा वेग देता येत नाही. आणखी एक अडचण नवख्यांना हमखास चकवते. गाडी गोल वळून त्याच मार्गावर उलटी परत यावी म्हणून रूळ फुग्याच्या आकारात जोडले, तर डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन मिळतो आणि शॉर्टसर्किट होते. हा फेरा विजेच्या दृष्टीने वेगळा तोडल्याखेरीज गाडी चालत नाही.

सेलवर चालणाऱ्या गाडीला यातील काहीच बाधत नाही. रूळ पूर्ण प्लास्टिकचे असले तरी चालतात, त्यामुळे ते स्वस्त पडतात. फेरा कसाही वळवावा. प्रत्येक गाडीचा वेग स्वतंत्रपणे ठरवता येतो. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुमारे ९३ हजार तुकडे जोडून चार किलोमीटर लांबीचा प्लास्टिकचा मार्ग मांडला गेला होता. एवढ्या अंतरावर घरगुती ट्रान्सफॉर्मरचा पाड लागणार नाही, तेथे सेलच कामाला येतात. मात्र सेलची पेटी इंजिनात किंवा त्यामागच्या डब्यात मावली पाहिजे, तिचे वजन ओढले पाहिजे आणि प्रदर्शनात ऐन गर्दीच्या वेळी सेल संपले तर गाडी उघडून ते बदलले पाहिजेत.

२००७ चा धक्का

नऊ व्होल्टच्या पद्धतीने दीड दशक राज्य केले. अमेरिकेतील एका हौशी कारागिराने आखलेले ‘सांता फे सुपर चीफ’ हे इंजिन २००२ साली कंपनीने स्वतः विक्रीस काढले, यावरून या छंदाला आलेले महत्त्व ध्यानात येते. पण पडद्याआड परिस्थिती बिकट होती. २००३ आणि २००४ या दोन वर्षांत लेगो कंपनी मोठ्या तोट्यात गेली. कमी खपणाऱ्या आणि खर्चिक वस्तूंना कात्री लागली. धातूचे रूळ आणि विशेष मोटारी त्यातच मोडत होत्या. २००६ साली इन्फ्रारेड दूरनियंत्रकावर, म्हणजे रिमोटवर चालणारी सेलची गाडी बाजारात आली आणि २००७ साली नऊ व्होल्टची पद्धत बंद होणार असल्याचे कंपनीने जाहीर केले.

ज्यांनी वर्षानुवर्षे पैसे साठवून धातूचे रूळ जमवले होते, त्यांच्यासाठी हा आघात होता. त्यांचे ठोकळे निरुपयोगी झाले नव्हते. निरुपयोगी होऊ घातली होती ती त्यांची वीज. एखादा सांधा मोडला, मोटार जळली तर नवी मिळणार नव्हती. जुन्या मोटारी आणि रुळांच्या किमती दुय्यम बाजारात चढत गेल्या.

त्यानंतरही बदल थांबले नाहीत. २००९ साली आलेल्या ‘एमराल्ड नाइट’ या देखण्या वाफेच्या इंजिनात ‘पॉवर फंक्शन्स’ या नव्या पद्धतीची मोटार बसवता येत होती. २०१० पासून ही पद्धत नेहमीच्या गाड्यांतही आली. तिचे नियंत्रणही इन्फ्रारेड किरणांनीच होई. चार वाहिन्या आणि प्रत्येक वाहिनीवर दोन मोटारी, म्हणजे एका खोलीत आठ मोटारी स्वतंत्रपणे चालवता येत. मात्र रिमोट आणि गाडी यांच्या मध्ये काही आडवे आले, गाडी बोगद्यात शिरली किंवा खिडकीतून कडक ऊन पडले की आज्ञा पोहोचत नसे. २०१८ साली ‘पॉवर्ड अप’ ही ब्लूटूथवरची पद्धत आली. ती रेडिओ लहरींवर चालत असल्याने बोगद्याचा अडसर दूर झाला आणि मोबाइल फोनवरूनही गाडी हाकता येऊ लागली. पण या प्रत्येक बदलाबरोबर तारेच्या टोकाची जोडणी बदलली. नवी मोटार जुन्या पेटीला जोडता येईना.

थोडक्यात, ठोकळा १९५८ पासून तोच राहिला आणि त्याला चालवणारी वीज मात्र अर्ध्या शतकात सहा निरनिराळ्या रूपांत आली.

हे केवळ खेळण्यांच्या जगात घडते असे नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे देशभर २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह रूढ झाला आणि २०१६ साली मुंबईतूनही जुनी पद्धत पूर्णपणे गेली. केवळ जुन्या प्रवाहासाठी बांधलेल्या इंजिनांना मग धावायला तारच उरली नाही. फरक इतकाच की, रेल्वेचा खर्च सरकार करते. घरातल्या गाडीचा भार एकट्या घरमालकावर पडतो.

मापांचे गणित

गाडी चालण्यासाठी विजेइतकेच महत्त्व मापांना आहे. दोन गुंड्यांमधील अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची उंची त्याच्या एकतृतीयांश म्हणजे ३.२ मिलिमीटर, ही या जगाची मूळ मापे. दोन रुळांमधील अंतर ३७.५ मिलिमीटर भरते. युरोप-अमेरिकेतील प्रमाण मार्ग १४३५ मिलिमीटरचा असल्याने त्यांच्या गाड्यांसाठी हे प्रमाण साधारण १:३८ येते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे, त्यामुळे आपल्या गाड्यांसाठी तेच प्रमाण १:४५ होते.

या हिशेबाने भारतीय रेल्वेचा एलएचबी डबा बांधायला घेतला तर काय होईल? खरा डबा ३.२४ मीटर रुंद आणि सुमारे साडेतेवीस मीटर लांब असतो. १:४५ या प्रमाणात तो ७२ मिलिमीटर, म्हणजे नऊ गुंड्या रुंद आणि अर्ध्या मीटरहून थोडा अधिक लांब होतो. कंपनीच्या नेहमीच्या गाड्यांची रुंदी सहा गुंड्या, म्हणजे ४८ मिलिमीटर असते आणि लांबी तर त्याहूनही आखूड केलेली असते. कसलेले हौशी कारागीर बहुधा आठ गुंड्यांची रुंदी पसंत करतात. डबा ओळखू यावा इतका मोठा आणि वळणावर अडकणार नाही इतका लहान, असा तो मध्यममार्ग असतो.

वळण हीच खरी कसोटी आहे. वळणाचे सोळा तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होते आणि त्याची त्रिज्या अवघी ३२ सेंटिमीटर भरते. १:४५ या प्रमाणात हे १४.४ मीटर त्रिज्येचे वळण झाले. खऱ्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण घेऊ दिले जात नाही. तेच प्रमाण घरात पाळायचे म्हटले तर नुसते वर्तुळ मांडायला आठ मीटर लांब-रुंद दिवाणखाना हवा. तो नसल्याने तडजोड करावी लागते. डब्याखाली दोन्ही टोकांना स्वतंत्र वळणारे चार-चार चाकांचे गाडे बसवतात. वाफेच्या इंजिनाच्या ओळीने लावलेल्या मोठ्या चाकांपैकी मधल्या चाकांना कड ठेवत नाहीत, म्हणजे ती वळणावर रुळावरून थोडी बाजूला सरकू शकतात. मगरीसारखी सांधेजोड इंजिने या छंदात लाडकी आहेत ती यामुळेच. अरुंद वळणासाठी अभियंत्यांनी डोंगरात योजलेली युक्ती दिवाणखान्यातही तेवढीच उपयोगी पडते.

घाटाचा चढ

इंजिन डबे ओढते ते चाक आणि रूळ यांच्या घर्षणाच्या बळावर. मोटार कितीही ताकदवान असली तरी चाके जागच्या जागी फिरू लागली तर गाडी हलत नाही. म्हणून ओढणाऱ्या चाकांना रबरी कडी घालतात आणि सेलच्या पेटीचे वजन नेमके त्या चाकांवर येईल अशी रचना करतात. सेल हे ओझे न राहता उपयोगी वजन ठरते. मोटारीची गती दातेरी चाकांनी कमी केली की वेग घटतो, पण ओढण्याची ताकद वाढते. लांब मालगाडीसाठी हा सौदा फायद्याचा असतो.

चढाचे गणितही असेच रंजक आहे. रुळाचा सरळ तुकडा १२८ मिलिमीटर लांब असतो. प्रत्येक तुकड्यामागे एक पातळ पट्टी, म्हणजे ३.२ मिलिमीटर उंची वाढवत नेली तर चढ ४० ला १ होतो. बोर घाटातील रेल्वेचा चढ आहे ३७ ला १. तेथे गाडीला मागून रेटा देण्यासाठी जादा ‘बँकर’ इंजिने लावतात, हे मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घरातल्या चढावरही डबे वाढले की इंजिन धापा टाकते आणि मागे दुसरी मोटार लावावी लागते. पट्टीऐवजी अख्ख्या ठोकळ्याची उंची दिली तर चढ सुमारे १३ ला १ होतो. माथेरानची छोटी गाडीही २० ला १ पेक्षा उभ्या चढावर जात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे नवख्यांच्या गाड्या अशा चढावर का घसरतात याचा उलगडा होतो.

हौशींनीच काढलेली वाट

कंपनीने नऊ व्होल्टचा मार्ग सोडला, पण हौशी मंडळींनी तो सोडला नाही. कॅनडातील एफएक्स ब्रिक्ससारख्या लहान कंपन्यांनी धातूचे सुसंगत रूळ पुन्हा बनवायला घेतले. मोठ्या त्रिज्येची वळणे आणि निरनिराळे सांधे काही जण त्रिमितीय छपाईने तयार करू लागले. ‘पायब्रिक्स’ या मुक्त संगणकप्रणालीमुळे ‘पॉवर्ड अप’च्या पेटीला स्वतःच्या आज्ञा शिकवता येऊ लागल्या, म्हणजे गाडी मोबाइलवर अवलंबून राहिली नाही. सुटे ठोकळे विकत घेण्यासाठी २००० साली सुरू झालेली ‘ब्रिकलिंक’ ही जागतिक बाजारपेठ इतकी वाढली की, २०१९ साली लेगोनेच ती विकत घेतली. ठोकळ्यांचे आराखडे संगणकावर काढण्याची ‘एलड्रॉ’ ही पद्धत तर जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ सालीच तयार केली होती. कंपनीने दार लावले की ही मंडळी खिडकी शोधतात. २०२३ साली आलेल्या ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ या संचात मोटारीची सोय नव्हती. त्यावर जगभरातून नाराजी उमटली आणि पाठोपाठ मोटार बसवण्याच्या घरगुती युक्त्याही निघाल्या.

पुण्यात कोथरूड येथील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे १९९८ सालापासून मराठी माणसाला छोट्या गाड्यांची ओळख आहे. तेथील गाड्या हुबेहूब घडवलेल्या तयार प्रतिकृती आहेत. ठोकळ्यांच्या छंदाचे वैशिष्ट्य निराळे आहे. आज बांधलेले इंजिन उद्या मोडता येते आणि त्याच तुकड्यांतून दुसरे उभे राहते. भारतात मात्र हा छंद खिशाला जड जातो. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक संस्थेचे प्रमाणपत्रही सक्तीचे झाले.

नवख्यांसाठी

या छंदात नव्याने येणाऱ्याने आधी जागा मोजावी. वर्तुळाला साधारण पाऊण मीटर रुंदी पुरते. दोन सरळ तुकडे घातले की लंबवर्तुळ होते. लहान घरात सेलवरची गाडी सोयीची. तिच्या पेटीत दीड व्होल्टचे सहा सेल बसतात. पुन्हा भरता येणारे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्याने एकूण ७.२ व्होल्ट मिळतात आणि गाडी किंचित मंद चालते, पण खर्च पुष्कळ वाचतो. खेळ संपल्यावर सेल काढून ठेवावेत. गळलेल्या सेलने पेटी निकामी होते. परदेशातून जुना नऊ व्होल्टचा संच मागवताना त्याचा ट्रान्सफॉर्मर कोणत्या विजेसाठी आहे हे पाहणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेतील १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर लावला तर तो जळण्याचा आणि अपघाताचा धोका असतो.

आणि इंजिन बांधताना मोटारीची जागा मोकळी, सहज उघडता येईल अशी ठेवावी, असा जाणत्यांचा आग्रह असतो. आज आत ब्लूटूथची पेटी आहे. वीस वर्षांनी तेथे आणखी काही असेल. ज्याने आपले इंजिन एका विशिष्ट मोटारीभोवती घट्ट चिणून टाकले, त्याची गाडी त्या मोटारीबरोबर थांबते. ज्याने आत चार गुंड्यांची जागा राखली, त्याच्या गाडीत नवी मोटार बसवून मुलगी किंवा नातू ती पुन्हा रुळावर आणू शकतो.